तांदळाच्या कणीएवढा जीव काय खातो, यावर देवमाशांचं नशीब कसं ठरतं?

२०१७ चा जून महिना. कॅनडाच्या पूर्वेला असलेल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात एक देवमासा मरून तरंगताना दिसला. काही दिवसांत दुसरा दिसला, मग तिसरा. वर्ष संपेपर्यंत कॅनडाच्या पाण्यात १२ आणि अमेरिकेच्या बाजूला ५, असे १७ मृत देवमासे मोजले गेले. सगळे एकाच प्रजातीचे, 'नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल'. त्यावेळी अख्ख्या जगात या प्रजातीचे पाचशेसुद्धा देवमासे उरले नव्हते.

ते कशामुळे मेले, हे कळायला फार डोकं लढवावं लागलं नाही. ज्यांचं शवविच्छेदन करता आलं, त्यातल्या बहुतेकांना जहाजांची धडक बसली होती, नाहीतर ते खेकडे पकडायच्या सापळ्यांच्या दोरांत अडकले होते. खरा प्रश्न वेगळाच होता. हे देवमासे तिथे गेलेच कशाला?

त्यांचा उन्हाळा वर्षानुवर्षं ठरलेला होता. मेनचं आखात आणि त्याला लागून असलेला फंडीचा उपसागर. तिथे त्यांची काळजीही घेतली जायची. २००३ मध्ये तर फंडीच्या उपसागरातला जहाजांचा मार्गच त्यांच्यासाठी बाजूला सरकवण्यात आला होता. सेंट लॉरेन्समध्ये अशी काहीच तयारी नव्हती, कारण इतके देवमासे तिथे येतील असं कुणी धरलंच नव्हतं.

ते तिथे गेले पोटासाठी. २०१० नंतर मेनच्या आखाताचं पाणी झपाट्याने गरम होत गेलं आणि राइट व्हेलचं जेवण तिथून कमी होत गेलं. हे जेवण म्हणजे तांदळाच्या कणीएवढा, दोन ते चार मिलिमीटरचा एक प्राणी. त्याचं नाव कॅलानस फिनमार्किकस. दिवसाला टनाहून जास्त अन्न लागणारा अजस्र देवमासा या कणीवर जगतो. आणि ही कणी कशावर जगते, कधी जेवते, कधी उपाशी राहते, यावर उत्तरेकडच्या थंड समुद्रांचं जवळपास सगळं गणित उभं आहे.

आधी ओळख करून घेऊ

'स्पंजबॉब' पाहिलं असेल तर या कुळातला एक जण तुम्ही आधीच पाहिलाय. क्रॅबी पॅटीची रेसिपी चोरायला टपलेला, एका डोळ्याचा, दोन लांब मिशांचा हिरवा प्लँक्टन आठवतोय? तो कोपेपॉड आहे. मालिकेचा निर्माता स्टीफन हिलनबर्ग आधी सागरी जीवशास्त्र शिकवायचा, त्यामुळे हे काही उगाच सुचलेलं नाही. खऱ्या कॅलानसलाही डोक्याच्या मधोमध एक साधा डोळा असतो आणि जवळजवळ शरीराएवढ्या लांब मिशा असतात. आणि हो, खाण्याच्या बाबतीत तोही प्लँक्टनसारखाच हट्टी.

कोपेपॉड हे कोळंबी, खेकडा, जवळा यांचे नातेवाईक. ग्रीक भाषेतल्या या नावाचा अर्थ 'वल्ह्यासारखे पाय असलेला'. ते जगातल्या सगळ्या समुद्रांत आहेत, आपल्या अरबी समुद्रातही. ताटातल्या बांगड्याच्या पोटातही बरेचदा कोपेपॉडच गेलेले असतात. पण त्यांचं खरं राज्य थंड पाण्यात. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकमध्ये प्राणी प्लवकांच्या एकूण वजनातला मोठा हिस्सा कॅलानसच्या मोजक्या प्रजातींचा असतो. प्लवक म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद नसलेले, पाण्याबरोबर वाहत जाणारे जीव.

कॅलानस फिनमार्किकसचं पहिलं शास्त्रीय वर्णन १७७० मध्ये एका बिशपने केलं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे योहान अर्न्स्ट गुन्नेरुस. नाव त्यांनी दिलं उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्क भागावरून. गंमत म्हणजे त्याच्या पाचच वर्षं आधी याच बिशपने बास्किंग शार्कचंही वर्णन केलं होतं. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा हा मोठा मासा जबडा वासून पोहत हेच कोपेपॉड गिळत फिरतो.

चहाची गाळणी आणि काकवी

कॅलानसचं मुख्य अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शैवाल, त्यातही डायटम. एका डायटमचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. कॅलानसच्या तोंडाजवळ पायांच्या काही जोड्या असतात आणि त्यांना कंगव्यासारखे बारीक केस असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेला कॅलानस पाहिला की कुणालाही वाटेल, ही तर गाळणी! पाणी आरपार जात असणार आणि शैवाल अडकत असणार.

अनेक दशकं शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. पुस्तकांत कोपेपॉडची ओळख 'गाळून खाणारा' अशीच असायची.

मग १९८० च्या सुमारास काही संशोधकांनी जिवंत कोपेपॉडला एका बारीक केसाच्या टोकाला चिकटवलं, म्हणजे तो कॅमेऱ्यासमोरून पळणार नाही, आणि सेकंदाला शेकडो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्याचं जेवण चित्रित केलं. पाणी कुठून कुठे जातं हे दिसावं म्हणून शेजारी रंगाची बारीक धार सोडली. १९८१ मध्ये मिमी कोल आणि रुडी स्ट्रिकलर यांनी या चित्रीकरणावरून जे मांडलं, त्याने गाळणीची कल्पना बरीचशी मोडीत निघाली.

झालं असं होतं की सगळ्यांनी आपल्या आकाराच्या नजरेने पाहिलं होतं. आपल्यासाठी पाणी पातळ आहे. पण शरीर जितकं लहान आणि हालचाल जितकी छोटी, तितका पाण्याचा चिकटपणा जास्त जाणवतो. कोपेपॉडच्या केसांच्या मापाला पाणी हे पाणी राहतच नाही, काकवी होतं. आता चहाच्या गाळणीत काकवी ओतून पाहा. ती आरपार जायला कंटाळा करेल, जाळीवर साचून राहील. कोपेपॉडच्या 'कंगव्या'चंही तेच होतं. केसांच्या फटींतून पाणी फारसं जातच नाही. ते केस गाळणीपेक्षा वल्ह्यासारखे काम करतात.

मग तो खातो कसा? तोंडाजवळचे पाय सतत हलवून तो स्वतःकडे पाण्याचा एक संथ प्रवाह ओढत राहतो. प्रवाहात एखादं शैवाल आलं की त्याच्या भोवती रसायनांचा एक पुसटसा ढग असतो, म्हणजे वासच म्हणा. प्रवाहामुळे हा ढग लांबट ताणला जातो आणि शैवाल पोहोचायच्या आधी त्याचा वास पोहोचतो. फोडणीचा वास आधी येतो आणि ताट नंतर, तसं. वास येताच कोपेपॉड पायांची हालचाल बदलतो, प्रवाह वळवतो. शैवाल जवळ आलं की पायांची एक जोडी झटकन फाकवतो. मधे पोकळी तयार होते, त्यात पाण्याचा छोटासा गोळा शैवालासकट ओढला जातो आणि पाय मिटतात. पाणी पिळून बाहेर, शैवाल तोंडात. हे सगळं सेकंदाच्या एका लहानशा भागात.

म्हणजे हा प्राणी आंधळेपणाने गाळत बसत नाही. मोठा घास असेल तर तो एकेक करून हेरतो, पकडतो, चाखतो आणि नको असेल तर टाकूनही देतो. अगदी बारीक पेशी मात्र फारसं लक्ष न देता, हाताला लागतील तशा तोंडात जातात. आपण गप्पा मारताना चुरमुरे खातो तसं. अन्न चांगलं आणि मोठं असेल तर एक कॅलानस दिवसभरात साधारण पेलाभर पाणी विंचरून काढतो. पेला म्हणजे फार नाही, असं वाटेल. त्याच्या आकाराकडे पाहिलं की मग कळतं.

शैवाल कमी असेल तेव्हा तो शाकाहार सोडतो. सिलिएट नावाचे एकपेशीय जीव बारीक केस हलवत पोहतात. त्यांच्या पोहण्याने पाण्यात उठणारी किंचितशी थरथर कॅलानसच्या लांब मिशांवरच्या केसांना जाणवते. तिथे वासाची गरजच नाही, धक्का पुरतो. लगेच झेप. अन्नाची फारच चणचण असेल तर तो आपल्याच जातीची अंडीही खातो. उत्तर अटलांटिकमधल्या एका ठिकाणच्या निरीक्षणांवरून मार्क ओमन आणि हान्स-युर्गेन हिर्शे यांनी २००१ मध्ये दाखवलं की वसंताच्या सुरुवातीला माद्यांची गर्दी जितकी जास्त, तितकी अंडी जास्त नष्ट होतात. आणि संशयाची सुई माद्यांकडेच होती.

काचेला काच

डायटम खाणं वाटतं तितकं सोपं नाही. त्याच्या पेशीभोवती सिलिकाची पेटी असते. सिलिका म्हणजे ज्यापासून काच बनते तेच. दोन झाकणांची, नक्षीदार, भलतीच मजबूत अशी ही पेटी फोडायची कशी?

कॅलानसच्या जबड्याच्या दातांनाही सिलिकाची टोपी असते. काच फोडायला काच. लक्षावधी वर्षं एकाने कवच जाड करायचं आणि दुसऱ्याने दात धारदार करायचे, असा हा सामना चाललेला असावा, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

शैवालाकडे दुसरीही हत्यारं आहेत. काही डायटमची पेशी फुटली की त्यातून अल्डिहाइड वर्गातली रसायनं तयार होतात. १९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दावा केला की अशा डायटमवर पोसलेल्या कोपेपॉड माद्यांची अंडी नीट उबत नाहीत. म्हणजे खाणारा मरत नाही, पण त्याची पुढची पिढी कमी होते. प्रत्यक्ष समुद्रात याचा किती परिणाम होतो, यावर तेव्हापासून वाद चालू आहे, कारण तिथे कोपेपॉड एकाच प्रकारचं शैवाल खाऊन राहत नाही.

त्याहून अफलातून गोष्ट २०१५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पुढे आणली. कोपेपॉडच्या अंगातून काही खास चरबीयुक्त रसायनं पाण्यात झिरपतात. काही विषारी शैवालांना या रसायनांचा अंश जरी लागला, तरी ती आपलं विष वाढवतात. म्हणजे खाणारा ज्या वासाने अन्न ओळखतो, तसंच अन्नही खाणाऱ्याला वासाने ओळखतं.

रात्रीचं जेवण

उजेडात वर गेलं की मासे खातात. म्हणून बरेच कोपेपॉड दिवसभर खोल अंधारात थांबतात आणि रात्री वर येऊन चरतात. ध्रुवीय हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्यच उगवत नाही, तेव्हा तरी हा खेळ थांबायला हवा ना? आर्क्टिकच्या पाण्यात बसवलेल्या ध्वनियंत्रांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये किम लास्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेव्हा प्राणी प्लवकं चंद्राचं वेळापत्रक पाळू लागतात. पौर्णिमेच्या आसपास तर त्यांचा मोठा जथा सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत खाली सरकतो. चांदणंसुद्धा त्यांना धोक्याचं.

आगोटीची बेगमी

आता मुख्य गोष्ट. थंड समुद्रात अन्न वर्षभर मिळत नाही. हिवाळ्यात उजेड नाही म्हणून शैवाल नाही. वसंतात सूर्य वर आला की काही आठवडे शैवालाचा अक्षरशः पूर येतो, पाण्याचा रंग बदलतो. मग पोषकद्रव्यं संपतात, बहर ओसरतो. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी भरपेट जेवायला मिळतं ते मोजक्या आठवड्यांत.

कोकणात पावसाळ्याआधी घराघरात आगोट भरतात. सुकी मासळी, तांदूळ, मीठ, सरपण. चार महिने बाहेर पडता येणार नाही, हे माहीत असतं. कॅलानस हेच करतो, फक्त कोठार त्याच्या अंगातच असतं. बहराच्या दिवसांत खाल्लेल्या शैवालाचं तो मेणासारख्या चरबीत रूपांतर करतो आणि पाठीच्या आत असलेल्या एका लांबट पिशवीत साठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही पिशवी काचेच्या नळीत भरलेल्या तेलासारखी चमकते. बेगमी पुरी झाली की त्याच्या शरीराच्या कोरड्या वजनातला निम्मा किंवा त्याहूनही जास्त भाग चरबीच असू शकतो.

मग तो खाली जातो. शेकडो मीटर, काही ठिकाणी हजार मीटरहून खोल. तिथे थंडी, अंधार, शत्रू कमी. हालचाल जवळपास बंद, जेवण पूर्ण बंद, आतडीसुद्धा आक्रसते. अर्धं वर्ष तो असाच साठवलेल्या चरबीवर काढतो. आपला चातुर्मासाचा उपास यापुढे काहीच नाही. वसंत जवळ आला की प्रौढ होऊन वर येतो. नर तर वर आल्यावरही फारसं खात नाहीत, मीलन होतं आणि त्यांचं काम संपतं. माद्या मात्र अन्नाच्या शोधाला लागतात.

या चरबीची एक वेगळीच बाजू २०१५ मध्ये समोर आली. डेन्मार्कमधल्या सिग्रून योनासडोटिर आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला की हे कोट्यवधी जीव दरवर्षी जी चरबी घेऊन खोल जातात, तिच्यातला कार्बन तिथेच श्वसनातून खर्च होतो आणि दीर्घकाळ वातावरणात परत येत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये या वाटेने खाली जाणारा कार्बन हा पृष्ठभागावरून खाली पडणाऱ्या कचऱ्यातून जाणाऱ्या कार्बनच्या तोडीचा आहे. त्या 'कचऱ्या'तही कॅलानसचा वाटा आहेच. त्याची विष्ठा घट्ट लेंड्यांच्या रूपात पडते आणि दिवसाला शंभरेक मीटरही खाली जाऊ शकते.

तीन भावंडं, तीन संसार

आर्क्टिकच्या परिसरात कॅलानसच्या तीन प्रजाती महत्त्वाच्या. तिघांचं अन्न जवळपास सारखंच, पण ते कधी खायचं आणि कशासाठी वापरायचं, याचे हिशेब वेगळे.

कॅलानस हायपरबोरियस सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सावध. त्याची मादी भर हिवाळ्यात, खोल पाण्यात, एक घासही न खाता अंडी घालते. सगळा खर्च आधीच्या उन्हाळ्यांच्या बचतीतून. अंड्यांत चरबी भरपूर, त्यामुळे ती हळूहळू वर तरंगत येतात आणि पिल्लं बहराच्या वेळेला पृष्ठभागाजवळ पोहोचतात. त्याचं आयुष्य अनेक वर्षांचं असतं, त्यामुळे एखादं वर्ष वाईट गेलं तरी चालून जातं.

कॅलानस फिनमार्किकस, म्हणजे राइट व्हेलवाला, रोजंदारीवरचा. वसंतातलं ताजं शैवाल पोटात गेलं तरच मादी जोमाने अंडी घालते. आयुष्य साधारण एक वर्षाचं. त्याला लागतं मोकळं, जरा कमी थंड अटलांटिकचं पाणी.

मधला कॅलानस ग्लेशियालिस. याचा हिशेब सगळ्यात नाजूक, म्हणून जरा थांबून पाहू.

आर्क्टिकमध्ये शैवाल दोनदा बहरतं. पहिला बहर बर्फाच्या खालच्या बाजूला. समुद्रावरचा बर्फ अजून फुटलेला नसतो, पण त्यातून झिरपणारा सूर्यप्रकाश पुरतो आणि बर्फाच्या तळाला शैवालाचा तपकिरी थर धरतो. दुसरा बहर बर्फ फुटल्यावर, मोकळ्या पाण्यात. स्वालबार्ड द्वीपसमूहात ८० अंश उत्तर अक्षांशाजवळ रायपफ्योर्ड नावाची खाडी आहे. तिथे यान्ने सोरेडे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की बर्फाखालचा बहर एप्रिलच्या अखेरीला भरात होता आणि मोकळ्या पाण्यातला जुलैच्या सुरुवातीला. मधे दोन महिने.

ग्लेशियालिसच्या मादीने हे दोन महिने अचूक पकडले होते. बर्फाखालचं शैवाल खरवडून तिने त्या जेवणावर अंडी घातली. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला पहिल्या दोन अवस्थांत तोंड असून नसल्यासारखं असतं, ते काही खात नाही. तिसऱ्या अवस्थेपासून जेवण सुरू. बर्फाळ पाण्यात सगळंच संथ, त्यामुळे इथवर यायला आठवडे लागतात. तोवर दुसरा बहर येऊन ठेपतो. एक बहर आईला, एक लेकरांना.

आता बर्फ लवकर फुटला तर? दुसरा बहर अलीकडे सरकतो, मधलं अंतर कमी होतं. पिल्लं खाण्याजोगी होईपर्यंत ताट उचललेलं असतं. आणि बर्फ इतका पातळ किंवा कमी झाला की त्याखाली शैवालच धरलं नाही, तर आईचं जेवणही गेलं. इथे किती अन्न आहे हा प्रश्न दुय्यम, ते कुठल्या आठवड्यात आहे हा प्रश्न मोठा. तीन-चार आठवड्यांची चूकसुद्धा एका पिढीला महागात पडू शकते.

नव्वद वर्षांहून जुनी रेशमी पट्टी

हे बदल कळतात कसे? समुद्रात जाऊन कणीएवढे जीव मोजणार कोण?

ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी १९२० च्या दशकात अंटार्क्टिक मोहिमेसाठी एक पेटी बनवली. जहाजामागे ती ओढत न्यायची, पाणी आत शिरतं आणि आत सरकत्या रेशमी जाळीच्या पट्टीवर प्लवकं चिकटून गुंडाळली जातात. १९३१ पासून ही पेटी साध्या मालवाहू जहाजांच्या मागे बांधली जाऊ लागली आणि तो उपक्रम आजही इंग्लंडमधल्या प्लिमथहून चालतो. पट्टी उलगडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखायचा. काम किती किचकट, तर फिनमार्किकस आणि त्याचा दक्षिणेकडचा जुळा वाटावा असा भाऊ कॅलानस हेलगोलांडिकस यांना वेगळं ओळखायला पायांची पाचवी जोडी आणि तिच्यावरचे बारीक दात पाहावे लागतात.

पण या पाचव्या पायानेच मोठी बातमी दिली. उत्तर समुद्रात एकेकाळी फिनमार्किकस भरपूर होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो कमी होत गेला आणि हेलगोलांडिकस वाढला. २००२ मध्ये ग्रेगरी बोग्रां आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातले कोपेपॉड सुमारे चार दशकांत १० अक्षांश, म्हणजे हजारेक किलोमीटर उत्तरेला सरकलेत. थंड पाण्यातले मागे हटलेत.

एक कॅलानस गेला, दुसरा आला, काय फरक पडला? फरक पडला तो वेळेचा. फिनमार्किकस वसंतात भरपूर असतो, नेमकी तेव्हाच कॉड माशाची नुकती जन्मलेली पिल्लं भुकेली असतात. हेलगोलांडिकसची गर्दी होते उन्हाळ्याच्या अखेरीला. तोवर उशीर झालेला असतो. उत्तर समुद्रातला कॉड कमी होण्यात बेसुमार मासेमारीचा हात आहेच, पण उरलेल्या कॉडची पिल्लं का तगत नव्हती, याचं एक उत्तर या रेशमी पट्टीवर सापडलं.

सेकंदाला सहा

स्वालबार्ड आणि ग्रीनलंडच्या कड्यांवर 'लिटल ऑक' नावाचा काळा-पांढरा पक्षी लाखोंनी घरटी करतो. आकाराने साळुंकीएवढा. तो समुद्रात बुडी मारून कोपेपॉड एकेक करून टिपतो आणि गळ्याजवळच्या थैलीत भरून पिल्लाकडे नेतो. २००९ च्या एका अभ्यासात अंदाज काढला गेला की त्याला दिवसाला सुमारे ६० हजार कोपेपॉड लागतात. पाण्याखाली घालवलेल्या प्रत्येक सेकंदाला सहा.

सेकंदाला सहा पकडायचेच असतील, तर ते लहान आणि कोरडे असून परवडत नाही. म्हणूनच या पक्ष्याला मोठा, चरबीदार ग्लेशियालिस आवडतो. अटलांटिकचं उबदार पाणी वर सरकलं की त्याच्याबरोबर लहान फिनमार्किकस येतो. तेवढ्याच चरबीसाठी मग जास्त बुड्या, जास्त लांब उड्डाणं. अर्थात सगळ्यांनाच हे चित्र इतकं काळं वाटत नाही. नॉर्वेतल्या काही संशोधकांनी २०१८ मध्ये मुद्दा मांडला की लहान कॅलानसची पिढी लवकर पुरी होते, त्यामुळे एकेकातली चरबी कमी असली तरी एकूण उत्पादन टिकू शकतं. मुद्दा रास्त आहे. पण एकेक दाणा टिपणाऱ्या पक्ष्याला एकूण उत्पादनापेक्षा समोरच्या दाण्याचा आकार महत्त्वाचा.

या सगळ्याशी गोव्याचंही एक नातं आहे. वास्को द गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे भारताच्या 'हिमाद्री' या आर्क्टिक केंद्राची जबाबदारी आहे. २००८ पासून ते स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंड गावात चालू आहे. समोरच काँग्सफ्योर्ड नावाची खाडी. तिच्यात बाहेरून अटलांटिकचं उबदार पाणी शिरतं आणि आतून हिमनद्यांचं गार पाणी येतं, त्यामुळे वर सांगितलेली तिन्ही कॅलानस भावंडं तिथे एकत्र सापडतात. २०१४ मध्ये भारताने या खाडीत 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ पाण्याखाली बसवली. पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह यांची ती वर्षभर नोंद घेते, अगदी खाडीकाठी अंधार असतो तेव्हासुद्धा.

आणि राइट व्हेल?

माणसालाही आता कॅलानसची चव लागलीय. नॉर्वेत त्याची मासेमारी होते, त्याच्या तेलाच्या गोळ्या आरोग्यपूरक म्हणून विकल्या जातात. २०१९ मध्ये नॉर्वेने त्यासाठी वर्षाला २ लाख ५४ हजार टनांची मर्यादा ठरवली. प्रत्यक्षात पकडला जाणारा माल त्याहून कितीतरी कमी आहे, आणि नॉर्वेच्या समुद्रातला साठा पाहता हा आकडा छोटाच, असं सरकारी हिशेब सांगतो. जाळ्यात कॅलानसबरोबर माशांची अंडी-पिल्लं किती येतात, हा प्रश्न मात्र टीकाकार विचारत असतात.

राइट व्हेलची संख्या आता पावणेचारशेच्या आसपास आहे. पोट नीट न भरलेल्या मादीला गाभ धरायला जास्त वर्षं लागतात, त्यामुळे मेलेल्यांची भरपाई सावकाश होते. २०१७ नंतर कॅनडाने सेंट लॉरेन्सच्या आखातात मोठ्या जहाजांवर वेगमर्यादा आणली. एखादा राइट व्हेल दिसला किंवा पाण्याखालच्या माइकवर त्याचा आवाज आला, की तेवढ्या भागातले खेकड्यांचे सापळे उचलायला सांगितलं जातं. कुठला भाग बंद आणि कुठला चालू, याचा नकाशा त्यामुळे हंगामभर बदलत राहतो. विमानं वरून देवमासे शोधतात आणि खाली संशोधन जहाजांवरची माणसं जाळी टाकून मोजत असतात ती कॅलानसची संख्या. कारण ही कणी जिथे दाटेल, तिथेच देवमासे येणार.